फोनवरचं ‘हं’

४ फेब्रुवारी

सुईबाईस,

पत्राला कारण तूच आहेस. मजेत असशील असं लिहिणार होते, पण तू मजेत नाहीस हे मला कळलंय. तुझ्याकडून कळलं नाही, म्हणून राग आलाय.

काल माझ्या भावाने फोन केला. पाच मिनिटं तो हवा कशी आहे ते सांगत होता. तुझ्या नवऱ्याची ही लहानपणापासूनची खोड, घरात काही मोडलं की तो हवेबद्दल बोलतो. मी म्हटलं, “काय मोडलंय ते सांग.” तेव्हा कुठे बोलला. तुम्हा चौघी नर्सना हॉस्पिटलने नोटीस दिलीय आणि नोकरीवर गदा येणार म्हणे. कशाबद्दल विचारलं तर म्हणाला, “अधिकाराबाहेरचं काम.” आता हे काय असतं? त्याच बायकांच्या वॉर्डात मी एकोणीस वर्षं आया म्हणून राबले. काम कमी केलं म्हणून बोलणी खाणारे पुष्कळ पाहिले. जास्त केलं म्हणून काढतात हे नवीन ऐकते.

खरं सांग, काय केलंस?

माझा संशय इन्चार्ज सिस्टरवर आहे. दिवसभर मनगट वर करून दुसऱ्याला किती मिनिटं उशीर झाला ते बघणारी ती घड्याळबाई. तू तिच्या खुर्चीत बसशील ही भीती तिला पहिल्यापासून.

फोन करू नकोस. जावई बरा आहे, पण माझा फोन वाजला की त्याच्या वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबतं. आणि फोनवर बोललेलं उद्या कुणी नाही म्हटलं, तर काय करशील? कागद असला म्हणजे पुढ्यात टाकता येतो. मी चौथीपर्यंत गेले, अक्षर वेडंवाकडं आहे, पण लागतं ना? मग झालं.

गुडघा चालतो, मी त्याच्यामागून. ऑपरेशन करणारा दोन महिन्यांत पळाल म्हणाला होता, आता तीन झाले. गुडघ्यापायी नोकरी सोडून लेकीकडे आले, तिने मागची खोली दिलीय. माझी खोकी अजून बांधलेलीच, पेले-बश्या काढायला जागा नाही. दिवसभर बोलायला कुणी नाही. गेल्या महिन्यात हॉस्पिटलकडून एक गृहस्थ आले होते, तेवढाच दिवस बरा गेला. हॉस्पिटलला पंचवीस वर्षं झाली म्हणून पुस्तिका काढतायत, जुन्या माणसांच्या आठवणी हव्यात म्हणाले. दोन तास बसले. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं.

लगेच उत्तर दे. आणि लपवू नकोस. तुझं लपवणं मला तुझ्या लग्नापासून माहीत आहे.

तुझी नणंद


११ फेब्रुवारी

वन्सं,

रागावलात ते बरोबर आहे. तुमच्या गुडघ्याचं चाललेलं, त्यात हे कशाला, म्हणून सांगितलं नाही.

ऑक्टोबरातली पाच नंबर खाटेवरची बाई आठवते? जिला पहिली मुलगी झाली, आणि दुपारी दोन वाजता एकाएकी रक्त जायला लागलं? डॉक्टर रोजच्यासारखे दुपारचे त्यांच्या स्वतःच्या दवाखान्यात. माझे दोन्ही हात अडकलेले. तुम्हीच फोन लावून माझ्या कानाला धरलात. मी विचारलं, इंजेक्शन देऊ का, सलाईन चालू करू का. ते म्हणाले, “हं.” मी दिलं. बाई चौथ्या दिवशी पोर छातीशी धरून चालत घरी गेली.

आता नवे व्यवस्थापक विचारतात, लेखी हुकूम कुठे आहे? डॉक्टरांनी लिहिल्याशिवाय नर्सने सुईला हात लावायचा नाही, तो तिचा अधिकार नाही. आणि डॉक्टर काय म्हणतात ऐका. “मी हं म्हणालो असेन. पण हं म्हणजे ऐकतोय. हं म्हणजे द्या असं नाही.”

बाकी दोघींवरही असेच आरोप आहेत, एकीने टाके घातले, एकीने सलाईन बदललं. इन्चार्ज सिस्टरांवर, हे सगळं चालू दिलं म्हणून.

आपली फोनची वही तुम्हाला माहीत आहे. वेळ, काय विचारलं, काय उत्तर आलं, आणि शेवटच्या रकान्यात डॉक्टरांची सही, ते संध्याकाळी येऊन करायचे. चालू वही डॉक्टरांनी “बघतो” म्हणून नेली ती परत आली नाही. आधीच्या भरलेल्या वह्या कुठे गेल्या, कुणालाच सांगता येत नाही. वही नाही म्हणजे आमच्याकडे काहीच नाही. वीस मार्चला चौकशी आहे, त्या दिवशी काही दाखवता आलं नाही तर चौघी घरी.

नोटिशीला एक जबाब जोडलाय, दोन पानी. वॉर्डातल्या माहीतगार माणसाचा. त्यावरूनच त्यांनी काढलंय की आम्ही डॉक्टरांना न विचारता सगळं करतो. कुणाचा ते मला माहीत नाही.

वन्सं, ते पुस्तिकेवाले गृहस्थ दिसायला कसे होते? तुम्ही कशावर सही वगैरे केलीत का? सहज विचारते.

तुमची भावजय


१५ फेब्रुवारी

सुईबाईस,

म्हणजे हंराव उलटले! इतकी वर्षं त्यांच्या नुसत्या ऐकण्यावर बायका वाचत होत्या तर. मोठा कान म्हणायचा त्यांचा.

पण डॉक्टरचं राहू दे, तो आपली कातडी वाचवतोय, त्यात नवल नाही. मला तो जबाब देणारा हवाय. तो बाहेरचा नाही. बाहेरच्याला वॉर्डातलं काय कळतं? आपल्यात उभा राहिलेला, आपल्याबरोबर चहा प्यायलेला माणूस आहे तो. मी काल बसून एकेकाला आठवलं. दारावरचा रखवालदार, आत डोकावायचा आणि विचारलं की डास होता म्हणायचा. धोबी, चादरी घ्यायला आला की पाऊण तास हलायचा नाही. ती नवी नर्स, फार गोड बोलते, मला गोड बोलणाऱ्यांचा भरवसा नाही. आणि सगळ्यात वर घड्याळबाई. तिला नोटीस आलीय म्हणतेस, ती दाखवायला असेल. आतून मिळालेली असणार. तो माणूस सापडू दे, मी लंगडत येईन आणि त्याला त्याचीच दोन पानं खायला घालीन.

तू विचारलेल्या गृहस्थांचं सांगते, पण कशाला विचारलंस ते कळलं नाही. उंच, तपकिरी फाईल, दाराशी बूट तीनदा पुसून आत आले. पहिल्यांदा मला आजी म्हणाले. बावन्न वर्षांची बाई आजी दिसते का? मी नुसतं बघितलं, तर पुढे मावशी म्हणायला लागले. सगळं लिहून घेतलं. वाचून दाखवतो म्हणाले, मी म्हटलं, वाचता काय, मीच तर बोलले. खाली सही केली. चांगली ठसठशीत, शेवटच्या अक्षराला लांब शेपटी आणि शेपटीखाली दोन टिंबं, तू शिकवलीस तशी. पूर्वी पगाराच्या दिवशी मी नाव गिचमिड करायचे आणि कारकून हसायचा. तू आठ दिवस डब्याच्या सुट्टीत बसून ती सही गिरवून घेतलीस, विसरले नाही मी. त्यांच्यापुढे तुझी तारीफच केली. तुझ्या तोंडावर कधी करणार नाही, पण पुस्तिकेत यायला काय हरकत आहे?

मी चोराबद्दल विचारते आणि तू मला पाहुण्यांबद्दल विचारतेस. यात मला काहीतरी वास येतो.

तुझी नणंद


२६ फेब्रुवारी

वन्सं,

तुम्ही इन्चार्ज सिस्टरांना पत्र पाठवलंत. मला न विचारता. “तुमचं घड्याळ मी कायमचं बंद पाडीन” असं लिहिलंत. त्यांनी ते ड्युटी रूममध्ये सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, त्यांना वाटलं कुण्या पेशंटचं आभाराचं पत्र आहे. अर्ध्यावर थांबल्या आणि खाली बसल्या. तेवीस वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. दोन वर्षं राहिलीत त्यांची. आता काढलं तर त्यांना कोण घेणार?

ती नवी गोड बोलणारी, टाके घातल्याबद्दल जिला नोटीस आलीय ती तीच. ती आता कुणाशीच बोलत नाही, गोड नाही की कडू नाही.

आम्ही चौघी एकमेकींकडे बघायचं टाळतो. डब्याच्या सुट्टीत चौघी चार कोपऱ्यांत बसतो. प्रत्येकीला वाटतं दुसरीनेच काहीतरी दिलं असणार. त्यात तुमचं पत्र. हात जोडते, आता कुणाला लिहू नका. रखवालदाराला नाही, धोब्याला नाही.

तो जबाब ज्याचा आहे, त्याच्या मनात वाईट नव्हतं. एवढंच सांगते. पुढे विचारू नका.

तुमची भावजय


२ मार्च

सुईबाईस,

विचारणार.

त्याच्या मनात काय होतं हे तुला कसं ठाऊक? मनातलं ठाऊक म्हणजे माणूस ठाऊक. आणि पहिल्या पत्रात तू काय लिहिलंस? “कुणाचा ते मला माहीत नाही.” ते पत्र माझ्यापुढे आहे, मी त्याच्यावर बोट ठेवून लिहितेय. दोन्हींपैकी एक खोटं आहे.

मग मी विचार केला, ही कुणाला पाठीशी घालेल? माझ्या भावाला. तो फोनवर हवेबद्दल का बोलत होता? पण तो वॉर्डात कधी आलाच नाही, त्याला रक्त बघून चक्कर येते. मग राहिलं कोण?

वाईट वाटलं तरी लिहिते, मला पोटात ठेवता येत नाही. तू तर नाहीस ना? बाकी तिघींचं नाव सांगून स्वतः सुटायचं, असं कुणी तुला सुचवलं असेल. तोंड मिटून बसायची सवय तुला आहेच. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात माझी कात्री हरवली, मी घर डोक्यावर घेतलं, तेव्हाही तू अशीच गप्प राहिलीस. हो नाही की नाही नाही. गप्प माणूस काहीतरी जाणतो, हे माझं तेव्हापासूनचं मत आहे.

नाव सांगू नकोस. त्या जबाबातलं एक वाक्य लिहून पाठव. वॉर्डात कोण कसं बोलतं मला पाठ आहे. एका वाक्यावरून ओळखीन.

नाही पाठवलंस तर समजेन की तूच.

तुझी नणंद


७ मार्च

वन्सं,

लिहिणार नव्हते. तुम्ही मला दुसरा रस्ताच ठेवला नाहीत.

वाक्य असं आहे: “डॉक्टर काय, सहीपुरते. वॉर्ड चालतो तो आमच्या पोरीच्या जिवावर. इंजेक्शन म्हणू नका, टाके म्हणू नका, ती कुणाची वाट बघत बसत नाही. आमची पोरगी म्हणजे अर्धी डॉक्टर आहे, अर्धी.”

ओळखलंत?

मी नोटीस आली त्याच दिवशी ओळखलं. वाक्याच्याही आधी सही दिसली. लांब शेपटी, खाली दोन टिंबं. तुमचं पत्र आलं आणि त्यात ते फाईलवाले भेटले, तेव्हा कसं झालं तेही कळलं. पुस्तिका नाही, वन्सं. इथे कुणी पुस्तिकेचं नावसुद्धा ऐकलेलं नाही.

तुम्हाला सांगितलं नाही, तुमच्या भावाला सांगितलं नाही. जबाबाचं पान मी नोटिशीतून काढून उशीच्या अभ्र्यात ठेवलंय. बाकी तिघींच्या नोटिशीला फक्त त्याचा सारांश आहे, सही नाही. त्यांना माहीत नाही.

का लपवलं विचाराल. अठरा वर्षांत तुम्ही मला भावजय म्हणालात, सुईबाई म्हणालात, रागात असलात की नुसतं “ती” म्हणालात. “आमची पोरगी” हे मी पहिल्यांदा त्या कागदावर वाचलं. आरोपाला टाचलेलं. तीनदा वाचलं. मला रडू आलं, बाकीच्यांना वाटलं नोकरी जाणार म्हणून रडते.

तुम्ही मात्र मलाच विचारलंत, तूच ना? ते जबाबापेक्षा जास्त लागलं.

तुमची भावजय


९ मार्च

पत्र पोचलं.

काल दिवसभर मी कुणाशी बोलले नाही. जावयाने वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं, आई, बरं वाटत नाही का? एवढी शांतता त्याला सोसवली नाही.

आधी एक सांगते. कात्री सहा महिन्यांनी सापडली होती. माझ्याच शिलाई मशीनखाली. तुला सांगितलं नाही, कारण मग मला काहीतरी बोलावं लागलं असतं. अठरा वर्षं ती कात्री मी वापरतेय आणि तू बघतेयस.

आता दुसरं. हाताला काम नसलं की मला बसवत नाही, म्हणून मी खोकी उघडली. पेल्यांचं खोकं. एकेक पेला काढत होते आणि कागद बाजूला फेकत होते. तिसऱ्या की चौथ्या कागदावर तुझं अक्षर दिसलं. बारीक, सरळ, मुंग्या रांगेत चालल्यासारखं. वेळ. काय विचारलं. उत्तर: हं. वेळ. काय विचारलं. उत्तर: हं.

अगं, भरलेल्या वह्या मीच तर न्यायचे! चादरींच्या कपाटात फळ्यांवर अंथरायला. घड्याळबाईच काढून द्यायची, म्हणायची, घेऊन जा, माझ्या टेबलावर पसारा नको. तुम्ही कपाटं शोधलीत, टेबलं शोधलीत, चादरींखाली कुणी बघितलं का? तिथे आता काही असेल असं नाही, जायच्या आधी मीच फळ्या पुसून नवा कागद घातला. पण उरलेली पानं मी पेले गुंडाळायला घरी आणली.

सव्वीस पानं निघाली. अकरांची उजवी कड मीच कापलेली, फळीच्या बाहेर यायची म्हणून. सहीचा रकाना तिथेच असतो. त्याच कात्रीने कापलीत, तीही. जमिनीवर बसून मी स्वतःला काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

पण पंधरा पानं अख्खी आहेत. प्रत्येक ओळीत हं, आणि प्रत्येक हंच्या पुढे हंरावांची सही. तेच इंजेक्शन, तेच सलाईन, त्याच दुपारच्या वेळा. ऑक्टोबरातली बाई यात नाही, ती चालू वहीत असणार. पण तिच्यासारख्या नऊ आहेत.

पोस्टाने पाठवणार नाही. मी घेऊन येणार, वीस तारखेला. कुणाच्या हातात द्यायला माझा कुणावर भरवसा नाही, आणि आता त्या कुणात मीही आले.

नणंद


२० मार्च, संध्याकाळ

सुईबाईस,

आत्ता घरी पोचले. बाहेरच्या बाकावर तू दिसलीस. मान खाली, हातात रुमाल. मी भिंतीच्या बाजूने गेले. पाच पावलांवर होतीस, पण हाक मारायची छाती झाली नाही. तुला आत बसू दिलं नव्हतं, म्हणून तू जे बघितलं नाहीस ते लिहिते.

लांब टेबल, पाण्याचा जग, कुणी पाणी पीत नव्हतं. मधे एक पांढऱ्या केसांच्या बाई, बाहेरून बोलावलेल्या, चौकशी त्यांच्याकडे. एका बाजूला व्यवस्थापक, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. कोपऱ्यात सगळं लिहून घेणारी एक मुलगी. आणि भिंतीला टेकून तो तपकिरी फाईलवाला. मी पहिल्यांदा त्याला विचारलं, “पुस्तिका छापून झाली का? मला एक प्रत हवी.” तो फाईलमध्ये काहीतरी शोधायला लागला. मी असेपर्यंत शोधत होता.

व्यवस्थापकाने जबाब पुढे केला. “हा तुमचाच ना?”

“माझाच. एक अक्षर खोटं नाही.”

ते खुश झाले. “म्हणजे तुमची भावजय डॉक्टरांना न विचारता—”

“न विचारता कुठे लिहिलंय, दाखवा. वाट बघत नाही असं लिहिलंय. विचारून झाल्यावर वाट कशाची बघायची? बस थोडीच येणार होती? फोन मी धरायचे तिच्या कानाला. तिच्या कानात जायचं ते आधी माझ्या कानावरून जायचं. त्या दुपारी हं आलेलं मी ऐकलं.”

“पण तुम्ही तिच्या नात्यातल्या. तुमच्या बोलण्याला आम्ही किती वजन द्यायचं?”

“माझ्या घरी येऊन दोन तास बसलात तेव्हा मी नात्यातली नव्हते? ती माझ्या भावाची बायको अठरा वर्षं आहे, जानेवारीनंतरची नाही. एक तर दोन्ही वेळचं खरं माना, नाहीतर तो कागद फाडा.”

पांढऱ्या केसांच्या बाईंनी त्या मुलीला म्हटलं, “हे जसंच्या तसं लिही.”

मग मी पिशवीतून पानं काढली. त्यांच्यावर पेल्यांचे गोल उमटलेले, एकावर चहाचा डाग. व्यवस्थापक म्हणाले, हा काय पुरावा, ही रद्दी आहे. मी म्हटलं, हो, तुमच्याच हॉस्पिटलची रद्दी आहे, वर शिक्का बघा. बाईंनी चष्मा लावला. एकेक पान वाचलं, बोटाने ओळ धरून. शेवटी त्यांनी एक पान डॉक्टरांपुढे सरकवलं आणि विचारलं, “या सह्या तुमच्या आहेत?”

डॉक्टर पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी नेहमीसारखी मान किंचित हलवली आणि म्हणाले, “हं.”

माझ्या तोंडून निघूनच गेलं. “लिही गं पोरी. वेळ, दोन वाजून दहा मिनिटं. विचारलं, सह्या तुमच्या का. उत्तर, हं.”

ती खरंच लिहायला लागली. व्यवस्थापक मला गप्प बसा म्हणाले. पण पांढऱ्या केसांच्या बाईंनी चष्मा काढला, डॉक्टरांकडे वळल्या, आणि अगदी हळू विचारलं, “डॉक्टर, हे होकाराचं आहे, की तुम्ही नुसतं ऐकताय?”

सुईबाई, तुला तिथे असायला हवं होतं. डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांनी जगमधलं पाणी ओतून घेतलं, दिवसभरातला पहिला पेला. मग म्हणाले, “हो. सह्या माझ्या आहेत.” बाईंनी विचारलं, चालू वही कुठे आहे? ते म्हणाले, घरी असेल. बाई म्हणाल्या, “उद्या सकाळी दहाला इथे असेल.”

नोकरीचं काय ते मला कुणी सांगितलं नाही. निकाल लेखी येईल म्हणाल्या. मी म्हटलं, लेखीच द्या, आमची खोड मोडलीय.

बाहेर जिन्यात घड्याळबाई भेटल्या. त्यांना सगळं सांगितलं. जबाब माझा होता हेही सांगितलं, तुझ्या उशीच्या अभ्र्यात ते किती दिवस राहणार? मी म्हटलं, “घड्याळ बंद पाडीन म्हणाले होते. चालू ठेवा.” त्यांनी मनगट वर केलं आणि म्हणाल्या, “तुमची बस अकरा मिनिटांत आहे.” याला माफी म्हणायची की हाकलणं, मला अजून कळलेलं नाही.

सगळ्या वॉर्डावर संशय घेऊन झाला माझा. माझ्या भावावर घेतला, तुझ्यावर घेतला. फक्त एका बाईवर घ्यायचा राहिला, आणि ती मीच होते. चुकलं माझं. जबाब दिला ते चुकलं, पण ते न कळता झालं. तुला विचारलं, तूच ना, ते कळून विचारलं. ते जास्त चुकलं.

मला माफ केलंस का, ते कळव. लिहून. फोन करू नकोस.

तुझी नणंद


२ एप्रिल

वन्सं,

निकाल गेल्या आठवड्यात आला. लेखी. चौघी कामावर. चालू वही दहाला नाही, पण साडेअकराला आली. पाच नंबरच्या बाईची ओळ तिच्यात आहे, हं आहे, फक्त सहीचा रकाना कोरा. तुमच्या पंधरा पानांशेजारी ठेवल्यावर त्या कोऱ्या जागेचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

डॉक्टरही आहेत. आता ते दुपारीसुद्धा इथेच बसतात आणि सगळं लिहून देतात. फोनची वही बंद. आणि निकालात माझ्यापुरती एक ओळ जास्त आहे: सहा महिने मी सुई धरायची नाही. नुसते कागद बघायचे. म्हणजे नोकरी राहिली, सुई गेली. तुम्हाला आता दुसरं नाव शोधावं लागेल.

परवा दुपारी एका बाईचं सलाईन संपत आलं. बाटली कोपऱ्यात होती, माझे हात मोकळे होते. नवी नर्स डॉक्टरांना शोधायला गेली, मी खाटेपाशी उभी राहिले. कागद यायला चौदा मिनिटं लागली. इन्चार्ज सिस्टरांनी मोजली, ड्युटीच्या वहीत लिहिली, आणि स्वतःची सही केली. खाटेवरच्या बाईला काही झालं नाही. या वेळी.

जबाबाचं पान मी परत दिलं नाही. कुणी मागितलंही नाही. ते अभ्र्यातून काढून कपाटात ठेवलंय, कुलपात.

तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर खाली नियमाप्रमाणे लिहिलंय. हे पान कापू नका आणि यात पेले गुंडाळू नका.

वेळ: दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.
विचारलं: वन्सं विचारतात, माफ केलंस का.
उत्तर: हं.
सही: आमची पोरगी